परक्या गावातलं आपलं घर

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीत ओहोटी लागली की बायका मुळे वेचायला उतरतात. स्पेनच्या गॅलिसियातही बायका ओहोटीला अशाच वाकून शिंपल्या वेचतात. तिथलं घर फार परकं वाटायचं नाही. स्पॅनिश शिकायला तिकडे निघालेल्या आपल्या मुलांना म्हणूनच आवर्जून सांगते: वसतिगृहापेक्षा एखाद्या कुटुंबात राहा. दुपारचं जेवण दोन-तीनला, रात्रीचं नऊनंतर. सुरुवातीला पोटात कावळे ओरडतील. पण ओट्याशी उभं राहून शिंपल्या धुता धुता जी भाषा जिभेवर बसते, ती वर्गात बसत नाही.

ही वाट नवी नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशी पती गोपाळरावांना मागे ठेवून अमेरिकेला गेल्या, त्या न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबात उतरल्या. आधीची ओळख फक्त पत्रांची. तरी थिओडिशिया कार्पेंटर त्यांच्या मावशी झाल्या. साडी सुटली नाही, शाकाहारही नाही. १८८६ मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी पुण्यात वारल्या. गोपाळरावांनी त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली. बाईंनी ती आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवली. याहून मोठं आपलेपण मला ठाऊक नाही.

मात्र हे एकतर्फी नको. भाट्याला नारळ संशोधन केंद्र आहे, खाडी आहे, समुद्र आहे. शिकायला येणाऱ्याला इथे पुष्कळ आहे. असा परदेशी विद्यार्थी आला, तर त्याला लॉजवर पाठवू नका. घरातली एक खोली द्या आणि त्याचं पान आपल्याच पंगतीला मांडा.