ऊस आपला, मग बांधणी कुणाची?



या पानावर आम्ही एरवी बेण्याविषयी लिहितो, खोडव्यातल्या पाचटाविषयी लिहितो, खताच्या मात्रांविषयी लिहितो. हंगामाच्या तोंडावर आज मात्र एका साध्या वस्तूविषयी लिहायचे आहे. ती वस्तू म्हणजे दोर. हा विषय शेतकी खात्याचा नव्हे, असे काहींना वाटेल. मागच्या हंगामापर्यंत आम्हालाही तसेच वाटत होते.

मागच्या हंगामात आपल्याच एका गटात घडलेली गोष्ट. दिवस मावळायच्या सुमारास दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर फडातून निघाला. ओढ्याकडच्या उतारावर वळण आहे. त्या वळणावर मागच्या ट्रॉलीवरच्या वरच्या थरातल्या मोळ्या एका अंगाला सरकल्या आणि मागून मोटारसायकलवर येणाऱ्या पोराच्या अंगावर आल्या. पोरगा आपल्याच एका सभासदाचा, डेअरीला दूध घालून घरी चाललेला. जीव वाचला, पण मांडीचे हाड मोडले. चार महिने तो खाटेवर होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौकशी केली. ड्रायव्हर म्हणाला, "भरली टोळीनं." मुकादम म्हणाला, "आमचं काम तोडायचं आन् भरायचं, बांधायचं ड्रायव्हरनं." फडाचे मालक म्हणाले, "साहेब, ऊस माझा खरा, पण मी गाडीपाशी नव्हतोच. जनावरांची धार काढायची होती." आणि आमचा स्लिपबॉय? त्याने पावतीवर गट नंबर, जात, तोडणीची तारीख सगळे बिनचूक लिहिले होते. बांधणीचे विचारायला पावतीवर रकानाच नाही. चौघांपैकी कुणीही खोटे बोलत नव्हते. काम मात्र कुणाचेच नव्हते, म्हणून ते झाले नाही. पोराच्या बापापाशी बसलो तेव्हा आमच्याकडेही उत्तर नव्हते.

आता ऊस सरकतो कशाने ते पाहू. वाढे काढलेला ऊस गुळगुळीत, त्यावर मेणचट पांढरा थर. एका कांडीवर दुसरी कांडी सहज घसरते. ट्रॉलीच्या खांबांच्या आत असलेल्या उसाला खांब तरी धरतात. खांबांच्या वर रचलेल्या मोळ्यांना कोण धरते? नुसते वजन. गाडी सरळ रस्त्याने चालली आहे तोवर ते पुरते. वळणावर, खड्ड्यात, ब्रेक लागल्यावर पुरत नाही. युरोपात ट्रकवरच्या मालाच्या बांधणीचे जे मानक आहे, त्यात पुढच्या बाजूला मालाच्या वजनाच्या ८० टक्के आणि बाजूंना व मागे ५० टक्के जोर येईल असे धरून बांधायला सांगितले आहे. म्हणजे ८ टनांचा भार असेल, तर पुढे ६.४ टन आणि बाजूला ४ टन. आपला ट्रॅक्टर ट्रकच्या वेगाने धावत नाही, हे खरे. पण आपले रस्तेही तसे नाहीत. एक चाक खड्ड्यात गेले की उंच भरलेल्या ट्रॉलीचा वरचा भाग किती झोके खातो, हे आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे.

दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे आणि ते फार थोड्यांच्या ध्यानात येते. भरलेला ऊस वाटेत दबतो. वावरातून डांबरीपर्यंत येताना गचके बसून मोळ्या एकमेकींत बसतात, भार खाली जातो. फडात कचकचून आवळलेला दोर तिथवर सैल होतो. म्हणजे बांधून निघालेली गाडीसुद्धा एक-दोन किलोमीटरवर जवळजवळ न बांधलेली होते. म्हणून डांबरीला लागण्यापूर्वी गाडी थांबवून दोर पुन्हा आवळलाच पाहिजे. पाच मिनिटांचे काम आहे. आमच्या मते सगळ्या बांधणीत हीच पाच मिनिटे मोलाची.

आपल्या बापजाद्यांना हे कुणी शिकवावे लागले नव्हते. कडब्याची गाडी भरली की नाडा वरून टाकायचा, दोघांनी लोंबकळून ओढायचा, दोरात फासा करून त्यातून टोक ओवायचे आणि पुन्हा खाली ओढायचे. त्या फाशाने माणसाचा जोर वाढतो. शिवार सोडताना म्हातारा माणूस नाड्यावर हात मारून बघायचा. कडब्याच्या चार पेंढ्या पडल्या तर कुणाचा जीव जाणार नव्हता, तरी ही काळजी. आज ट्रॉलीवर टनावारी ऊस आणि वरून एखादा दोर, तोही कधी असतो, कधी नसतो.

काही जण म्हणतील, आमच्या ट्रॉलीला वायररोप आहेत. ते उतरवणीचे आहेत. ऊस भरण्याआधी खाली अंथरायचे आणि कारखान्यावर क्रेनच्या हुकाला अडकवायचे. वाटेत ते भाराभोवती सैल पडलेले असतात. उतरवायचा दोर निराळा आणि आवळायचा दोर निराळा, एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी या लेखाचे अर्धे काम झाले.

आवळायचे कशाने? बाजारात निळा-पिवळा प्लॅस्टिकचा दोर स्वस्त मिळतो. तो उन्हाने कडक होतो, तंतू सुटू लागतात आणि पुढच्या हंगामात ऐन वेळी तुटतो. हाताला पांढरा भुसा लागू लागला की तो दोर गोठ्यातल्या किरकोळ कामाला टाकावा. नायलॉनचा दोर बळकट, पण ताणला जातो आणि भिजला की आणखी सैल पडतो. साखळी तुटत नाही, पण तिला लवचीकपणा नाही. भार जरा दबला की ती एकदम ढिली. दोराला गाठ मारली की गाठीपाशी त्याची ताकद निम्म्यापर्यंत उतरू शकते, म्हणून तुटलेला दोर गाठीवर गाठ मारून वापरणे म्हणजे स्वतःची समजूत घालणे होय.

या सर्वांपेक्षा चांगला म्हणजे रॅचेटचा पट्टा. विणलेला पॉलिस्टरचा रुंद पट्टा, दोन्ही टोकांना हूक आणि मध्ये दांड्याची खटकी. दांडा वर-खाली केला की पट्टा दातादाताने आवळत जातो आणि मागे सरत नाही. पॉलिस्टर फारसे ताणले जात नाही, पाण्यानेही सैल पडत नाही. मात्र घेताना पट्ट्यावर शिवलेली चिठ्ठी वाचा. दुकानदार 'पाच टनी' म्हणतो, ती कधी पट्टा तुटण्याची ताकद असते. नेहमीच्या वापराला तिचा तिसरा हिस्साच धरावा. चिठ्ठी नसलेला पट्टा घेऊच नये. पट्ट्याला गाठ कधी मारू नये. लोखंडी अँगलच्या धारेवर पट्टा घासतो तिथे जुन्या टायरचा तुकडा घालावा. कडेला चीर पडलेला पट्टा टाकून द्यावा.

एका ट्रॉलीला तीन आडवे आवळ हवेत: पुढे, मध्ये आणि मागे. हूक ट्रॉलीच्या चौकटीत अडकवायचा, पत्र्याच्या फळीत नव्हे. वरच्या थराच्या मोळ्या मधोमध रचायच्या, दोन्ही अंगांना सारख्या. आणि खांबांच्या वर किती चढवायचे याला सीमा हवी. कितीही चांगला पट्टा बेसुमार भरलेली गाडी सुरक्षित करू शकत नाही. कायदाही तेच सांगतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार बाजूला, पुढे-मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेलेल्या भारासाठी २० हजार रुपये दंड आहे. जादा वजनालाही तेवढाच, आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार रुपये.

हे फक्त उसापुरते नाही. विहिरीवरची मोटर रिवाइंडिंगला नेताना, बंद पडलेली मोटारसायकल पिकअपमध्ये घालताना आपण काय करतो? कासऱ्याने दोन वेढे देतो. आमची स्वतःची मोटारसायकल एकदा फडावर बंद पडली. एका सभासदाच्या पिकअपमध्ये साइड स्टँडवर उभी केली आणि हँडलला एका बाजूने दोर बांधला. पहिल्याच गतिरोधकावर ती आडवी. ब्रेकचा दांडा मोडला, पेट्रोल सांडले. नशीब, मागे कुणी बसलेले नव्हते. तेव्हापासून आम्ही असे करतो: गाडी स्टँडवर ठेवायची नाही. पुढचे चाक हौद्याच्या पुढच्या फळीला टेकवून गाडी सरळ उभी करायची आणि पहिल्या गिअरमध्ये टाकायची. हँडलच्या टोकांना न बांधता त्याखाली, पुढच्या शॉकअपच्या जोडपट्टीला डावी-उजवीकडून दोन पट्टे बांधून पुढे आणि खाली सारखे ओढायचे. शॉकअप निम्मे दबेल इतपतच, पार बसवायचे नाहीत, नाहीतर ऑइलसील जातात. मागे चौकटीला आणखी दोन पट्टे. चार बाजूंनी चार ताण बसले की गाडी जागची हलत नाही.

टोळ्या येतात-जातात तेव्हा तर ही काळजी दुप्पट हवी. बीडकडून येणाऱ्या कुटुंबांचा सारा संसार एका ट्रॉलीत असतो. सरपण, भांडी, धान्याची पोती, वर मोटारसायकल आणि त्याच्याही वर बायका-मुले. सुटलेली मोटारसायकल तिथे कुणाच्या अंगावर पडेल, हे सांगायला नको. भारावर माणूस बसवू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. उसावर बसून कारखान्याकडे निघालेल्या माणसालाही हेच लागू आहे.

आता सभासदांचे आक्षेप. पहिला, वाहतुकीचा करार कारखान्याचा, आमचा काय संबंध? संबंध असा की काट्यावर जे चढते त्याचेच बिल निघते. वाटेत पडलेला ऊस तुमचा पडतो. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी ठरवली. खेपेला ५० किलो ऊस सांडला असे समजू. ३० खेपांत दीड टन झाला, म्हणजे तोडणी-वाहतूक वजा जाण्याआधीचे सव्वापाच हजार रुपये रस्त्यावर. त्यात चांगले पट्टे येतील.

दुसरा आक्षेप, ड्रायव्हर आमचे ऐकत नाही. बंधूंनो, राग मानू नका. फड रिकामा होताना आपण ड्रायव्हरला चहापाणी देतो, दोन शब्द बोलतो. ते दोन शब्द कोणते? "लवकर ने." मागे गव्हाला वावर मोकळे करायचे असते, खोडव्याला पाणी द्यायचे असते, घाई समजण्यासारखी आहे. पण त्यात "नीट बांधून ने" एवढे आणखी म्हटले, आणि ते म्हणेपर्यंत गाडीपाशी उभे राहिलो, तर ड्रायव्हर ऐकेल. मालक उभा असला की काम निराळे होते, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

आणि दोष केवळ तुमच्या माथी मारून आम्ही मोकळे होणार नाही. "गाड्या कमी पडताहेत, खेपा वाढवा," असा तगादा फोनवरून आमचे खातेच लावते. खेपा मोजतो आम्ही, बांधणी पाहत नाही. गेटवर सैल गाडी दिसली तरी उपयोग काय? धोका तर वाटेत होता. बैल गेला नि झोपा केला, त्यातली गत. म्हणून आम्ही तीन गोष्टी मांडत आहोत. तोडणी पावतीवर बांधणीचा रकाना असावा आणि स्लिपबॉयने स्वतः पाहून तो भरावा. पट्टे कारखान्याने एकत्र खरेदी करून वाहतूकदारांना द्यावेत, किंमत बिलातून हप्त्याने कापावी. आणि न बांधलेली गाडी फडातच थांबवली, तर त्या दिवशी खेप कमी झाली म्हणून कुणाला बोल लावू नये. तिसरी गोष्ट आमच्यावरच बंधनकारक आहे, हे आम्ही जाणतो.

हे सारे मंजूर व्हायचे तेव्हा होईल. तोवर एक गोष्ट तुमच्या हातात आहे. तुमच्या वावरातली गाडी निघताना गोठ्याकडे जाऊ नका. तीन आवळ मोजा, दोरावर हात मारा आणि डांबरीपर्यंत गाडीमागून जाऊन पुन्हा आवळायला लावा. त्या रस्त्याने डेअरीला कुणाचे तरी पोरगे चाललेले असते.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग