'शिरूर' घेतलं, 'कासार' गळालं

"शिरूर? म्हणजे पुण्याजवळचं का?" हॉस्टेलला आल्यापासून हा प्रश्न किती वेळा ऐकलाय, मोजलेलं नाही. नाही हो, मी सिंदफणेच्या काठच्या शिरूर कासारची, जिल्हा बीड. पुणे जिल्ह्यात नुसतंच शिरूर आहे, लातूरला शिरूर अनंतपाळ. हा घोळ मला तोंडपाठ. तरी इंटर्नशिपमध्ये त्यातच अडकले, तेही एका पायथन स्क्रिप्टमुळे.

काम साधं होतं. माझ्याकडे राज्यातल्या रोजच्या पावसाची सीएसव्ही फाइल होती. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. माझ्या तालुक्यात असे दिवस किती, ते मोजायचं होतं. आधीच्या कुणीतरी लिहिलेली स्क्रिप्ट हाताशी होती. टर्मिनलवर स्क्रिप्टचं नाव, फाइलचं नाव आणि पुढे तालुका टाकायचा. मी 'शिरूर कासार' टाकलं, एंटर दाबलं, आकडा आला. बातमीचा मसुदा तयार!

सहज म्हणून गावी काकांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, त्या पंधरवड्यात आम्ही आभाळाकडं बघत बसलो होतो. कुठला पाऊस मोजलास?"

मग उलगडा झाला. मोकळी जागा दिसली की टर्मिनल तिथे शब्द तोडतो. अवतरणचिन्हांत न घातलेलं 'शिरूर कासार' त्याच्या लेखी दोन वेगळे शब्द. स्क्रिप्टने 'शिरूर' उचललं, 'कासार'कडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि पुणे जिल्ह्यातला पाऊस माझ्या गावाच्या नावावर टाकला. एरर नाही, काही नाही.

अवतरणचिन्हं विसरले, ही चूक माझीच. पण माझं मत विचाराल तर, चुकीचं इनपुट गपगुमान गिळून बरोबर दिसणारं उत्तर देणारी स्क्रिप्ट बंद पडणाऱ्या स्क्रिप्टपेक्षा जास्त घातक असते. बंद पडली तर निदान कळतं तरी. पंचनामा आणि नुकसानभरपाई ज्या आकड्यावर ठरते, तो आकडा असा छापून आला असता तर?

दुरुस्तीला एक संध्याकाळ लागली. जुन्या स्क्रिप्टमध्ये वाचणं, गाळणं, मोजणं, छापणं असं सगळं एकाच ढिगात होतं. प्रत्येक कामाचं वेगळं फंक्शन केलं. त्यामुळे फक्त गाळणारं फंक्शन घेऊन, चार ओळींची नकली फाइल देऊन ते तपासता आलं. शेवटी सगळ्यांना क्रमाने हाक मारणारं एक 'मेन' ठेवलं, फाइल थेट चालवली तरच सुरू होणारं.

मग इनपुट. जुनी स्क्रिप्ट 'सिस डॉट आर्गव्ही'मधून दुसरा शब्द, तिसरा शब्द असं मोजून उचलायची. जास्तीच्या शब्दांचं काय झालं, हे विचारणारं कुणी नाही. त्याऐवजी 'आर्गपार्स' वापरलं. हे काही नवं खूळ नाही. २०१० च्या पायथन २.७ पासून ते पायथनसोबतच येतं, वेगळं इन्स्टॉल करावं लागत नाही. आता जिल्हा आणि तालुका दोन्ही नावानिशी सांगावे लागतात. ६५ हा आकडा कोडमध्ये पुरलेला होता, तो बदलता येणारा पर्याय झाला. जिल्ह्यात तो तालुका सापडला नाही तर स्क्रिप्ट तसं सांगून थांबते. 'शिरुर' असा ऱ्हस्व रु पडला तरीही. आणि अवतरणचिन्हं विसरलात तर 'कासार' हा शब्द ओळखीचा नाही म्हणून तिथेच अडवते. 'हेल्प' मागितलं की काय काय द्यायचं याची यादीही मिळते.

तुम्ही म्हणाल, वीस ओळींच्या स्क्रिप्टला एवढा थाट कशाला? एकदा चालवून फेकून द्यायची असेल तर नकोच. पण अशा स्क्रिप्ट फेकल्या जात नाहीत हो. पेन ड्राइव्हवरून, व्हॉट्सअॅपवरून त्या पुढच्या बॅचकडे जातात. लिहिणारा पास होऊन निघून जातो आणि चालवणारा आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो, माझ्यासारखा.

याला आपली सवयही कारणीभूत आहे. प्रॅक्टिकलला आउटपुट आलं की जर्नलवर सही. तीच सही शेजारच्या बाकावरच्या मुलीने तुमची स्क्रिप्ट, तुम्हाला काहीही न विचारता, चालवून दाखवल्यावर मिळाली तर? अर्धा वर्ग त्याच दिवशी नीट लिहायला शिकेल.

कॉलेज बदलेल तेव्हा बदलेल. तुम्ही आज एवढं करा. तुमची एखादी स्क्रिप्ट मैत्रिणीला द्या, शेजारी बसा आणि तोंड बंद ठेवा. तिला मुद्दाम चुकीचं काहीतरी टाकायला सांगा. स्क्रिप्टने "हे कळलं नाही" म्हटलं तर उत्तम. मुकाट्याने आकडा दिला, तर कुणाच्या तरी गावाचं 'कासार' गळालंय, हे समजा.