बिछान्यात जात मरत नाही

एक फ्रेंच सिनेमा आपल्या पुरोगामी मित्रांच्या फार डोक्यात बसलाय. प्रेम केलं की भिंती पडतात, बघा तिकडं कसं हसतखेळत झालं, असं ते आम्हाला ऐकवतात. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आठ तास उभं राहणाऱ्याला हे ऐकवायला त्यांचं काय जातं!

सिनेमाचं नाव 'ल नों दे जां', म्हंजे 'लोकांची नावं'. साल 2010. दिग्दर्शक मिशेल लक्लेर, लेखनात सोबत बाया कास्मी. 2011 ला नायिका सारा फोरेस्तिएला आणि पटकथेला सेझार पुरस्कार मिळाले. रात्रपाळी संपवून, खालची इंग्रजी अक्षरं अडखळत वाचत मी तो दोनदा बघितला. हसलो. हसू ओसरल्यावर जे उरलं ते लिहितोय.

नायिका बहिया बेनमहमूद. बाप अल्जीरियातनं आलेला, आई फ्रेंच आणि डावी. ही पोरगी उजव्या लोकांना बिछान्यात घेते आणि तिथं त्यांचं मतपरिवर्तन करते. उजवा दिसला की तिच्या लेखी तो फॅसिस्ट. नायक आर्थर मार्तां, पाखरांच्या साथी तपासणारा, सरळमार्गी, समाजवादी नेते लिओनेल जोस्पँ यांचा भक्त. 2002 च्या अध्यक्षीय निवडणुकीत ल पेनच्या मागं पडून पहिल्याच फेरीत बाद झालेले जोस्पँ या सिनेमात खुद्द येऊन जातात.

आर्थर मार्तां हे तिकडं शेगडीच्या कंपनीचंही नाव. जो तो त्याला तेच सांगतो. इतकं गुळगुळीत नाव! पण त्याच्या आईचे आईबाप कोहेन, ज्यू. आउश्वित्झला नेले ते परतले नाहीत. पोरीला नाव बदलून लपवली म्हणून ती जगली. त्या घरात हा विषय काढायचाच नाही. जेवणाच्या टेबलावर सगळे शब्द चाचपत बोलतात.

इथं सिनेमा खरा आहे. लपवलेल्या नावाचं ओझं आपल्याला कुणी शिकवायला नको. बाबुराव बागुलांनी 1963 मध्ये 'जेव्हा मी जात चोरली होती' लिहून ठेवलंय. मी भाड्याची खोली बघायला गेलो तेव्हा मालकानं आधी नाव विचारलं, मग 'पूर्ण नाव' विचारलं, मग खोली त्याच्या भाच्याला लागणार होती. आर्थरचं नाव त्याला झाकतं. आपलं नाव आपल्याला उघडं पाडतं.

पण बहियाचा मार्ग? त्याच्यावर माझा आक्षेप आहे. मन त्यांचं बदलायचं आणि कातडी आमच्या पोरीनं झिजवायची, हा कुठला न्याय? लहानपणी पियानो शिकवणाऱ्यानं तिच्यावर अत्याचार केलेला. सिनेमा ते सांगतो आणि पुढच्या गमतीकडं पळतो. आपण पळू शकत नाही. गावच्या वाड्यांनी आमच्या आयाबहिणी किती पिढ्या वापरल्या! मुरळी म्हणून सोडल्या, जोगतीण म्हणून सोडल्या. त्यातनं एका तरी पाटलाचं मतपरिवर्तन झालं? रात्री बिछान्यात विटाळ नव्हता, सकाळी पाणवठ्यावर होता. शेजेनं जात मरत असती तर 1927 ला महाडच्या तळ्यावर जायची गरजच पडली नसती.

कुणी म्हणेल, बाबासाहेबांनीच आंतरजातीय लग्नाचा उपाय सांगितला. सांगितलाच. 1936 ला लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि करू न दिलेल्या भाषणात सांगितला. पण पुढचं पानही वाचा ना! लोक अशी लग्नं का करत नाहीत, हाही सवाल त्यांनी तिथंच केला आणि बोट थेट शास्त्रांवर ठेवलं. शास्त्राचं पावित्र्य मोडल्याशिवाय माणूस जात सोडणार नाही, हा त्यांचा मुद्दा. तुम्ही लग्नाचं वाक्य उचलता आणि शास्त्राचं गाळता. सोयीचं आहे.

म्हणूनच 2011-12 च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय लग्नं शंभरात पाचच्या आसपास निघाली. आणि विजोड जोडप्याचं आपल्याकडं काय होतं? 2013 च्या जानेवारीत तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात सोनईला मेहतर समाजातली तीन पोरं मारली. कारण एकाचं मराठा मुलीवर प्रेम. 2014 ला त्याच जिल्ह्यात खर्ड्याला सतरा वर्षांचं पोरगं मारलं. वरच्या जातीच्या मुलीशी बोलला, एवढंच. 2017 ला जिल्हा न्यायालयातनं आरोपी सुटले. प्रेमाचा विनोदी सिनेमा करायचा तर एक अट असते, सकाळी दोघंही जिवंत पाहिजेत. ती अट फ्रान्सच्या लेखकाला आठवावीही लागत नाही.

बहिया म्हणते, सगळी सरमिसळ झाली की वंशवाद संपला. आमच्याकडं सरमिसळीच्या पोटीही बापाची जात जन्माला येते. पुरुषसूक्त घरात आणि सिनेमा मोबाईलमध्ये, असं चालणार नाही. सवर्ण मित्रांनो, आमच्या पोरीला सून करायच्या आधी देवघरातला मनू काढा. 25 डिसेंबर 1927 ला महाडात तो जाळून दाखवलाय. काडी कशी ओढायची ते नव्यानं शिकवायला लागू नये.

आणि दोस्तहो, आपल्यालाही काम आहे. 1954 च्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस लागते. दोघांची नावं-पत्ते कचेरीत भिंतीवर चिकटतात. मारेकऱ्याला पत्ता शोधायला लांब जायला नको! ते तीस दिवस ही जोडपी कुणाच्या घरात राहतात? आपल्या शाखेतल्या कुणाच्या खोलीची किल्ली त्यांच्यासाठी आहे? तीन साक्षीदार लागतात. सही करायला आपल्यातले कोण जातात? पोटजातीत पोरगी द्यायची वेळ आली की आपलेच लोक का घुटमळतात?

प्रेमाच्या कविता मी पण लिहितो. पण कवितेच्या आधी किल्ली पाहिजे, साक्षीदार पाहिजेत, दारात रात्रभर बसणारी चार पोरं पाहिजेत. ती उभी करा. मग आपले सिनेमे आपण काढू आणि पोट धरून हसू.

जय भीम.