त्यात काय लिहायचं?

आमच्या नात्यागोत्यात अर्ज लिहायचं काम माझ्याकडे असतं. बँकेत तेहतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी पत्रव्यवहारात. त्यामुळे कुणाचा विम्याचा दावा, कुणाची सोसायटीच्या पाण्याबद्दलची तक्रार, कुणाच्या मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज, सगळं फिरून माझ्या टेबलावर येतं. हिचं इंग्रजी चांगलं आहे असा माझा लौकिक आहे, आणि तो मला आवडतो हेही कबूल करून टाकते. आज जे सांगायचंय ते या लौकिकाबद्दलच आहे.

२०२२ ची गोष्ट. माझी भाची एक कागद घेऊन आली.

"मावशी, हे पर्सनल स्टेटमेंट म्हणून काहीतरी द्यायचंय. स्वतःबद्दल लिहायचं म्हणे. मला नाही जमत, तू लिही ना."

भाची नर्स आहे. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावची. बारावीनंतर जीएनएम केलं, मग पुण्यात एका मोठ्या हॉस्पिटलात सर्जरीच्या वॉर्डात सहा वर्षं. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, स्टाफ नर्सच्या जागेसाठी अर्ज करत होती. इंग्रजीची ओईटी परीक्षा झाली होती, तिथल्या नर्सिंग कौन्सिलची कॉम्प्युटरवरची परीक्षाही झाली होती. सगळं पार पडलं आणि गाडी त्या एका कागदापाशी येऊन अडली.

मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना! आणि बसले लिहायला.

"लहानपणापासून मला रुग्णसेवेची ओढ होती" हे पहिलं वाक्य. (खरं म्हणजे लहानपणी तिला एसटीत कंडक्टर व्हायचं होतं. नर्सिंगला गेली कारण तिच्या वडिलांना कुणीतरी सांगितलं की नोकरी लगेच लागते.) दुसऱ्या परिच्छेदात फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई हातात दिवा घेऊन हजर झाल्या. तिसऱ्यात करुणा, निष्ठा, समर्पण आणि संघभावना. शेवटी "संधी मिळाल्यास मी त्या संधीचं सोनं करीन" याचं झकास इंग्रजी. एकही चूक नाही. मला स्वतःलाच वाचून भरून आलं!

भाचीने शांतपणे वाचलं आणि म्हणाली, "छान झालंय गं मावशी. पण ही बाई कोण?"

मी हसले. तीही हसली. अर्ज गेला.

मुलाखत व्हिडिओवर होती. मी दाराबाहेर कान लावून बसले होते. समोरच्या बाईंनी फार गोड आवाजात विचारलं, तुम्ही लिहिलंय की रुग्णाच्या हितासाठी तुम्ही नेहमी ठामपणे उभ्या राहता, तर असा एखादा प्रसंग सांगाल का? आत शांतता. मग भाचीने माझंच एक वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. बाईंनी पुन्हा विचारलं, हो, पण एखादा प्रसंग? पुन्हा शांतता. आठवड्याने नकाराची ईमेल आली. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नाइट होती, डबा घेऊन गेली.

ते शब्द माझे होते. मी तिला मदत केली असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात मी तिच्या नावाच्या खुर्चीत दुसऱ्याच कुणालातरी बसवलं होतं. मुलाखतीच्या वेळी ती दुसरी आलीच नाही, आणि हिला काही विचारलंच गेलं नाही.

त्यानंतर मी जरा वाचायला लागले की ही मंडळी असलं का विचारतात. इंग्लंडमध्ये स्टॅफर्ड गावच्या हॉस्पिटलात रुग्णांची फार हेळसांड झाली होती. त्याची सार्वजनिक चौकशी झाली आणि रॉबर्ट फ्रान्सिस यांचा अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये आला. रुग्णांना प्यायला पाणी मिळत नव्हतं, लोक मळलेल्या अंथरुणात पडून राहत होते, आणि बघणाऱ्यांपैकी बरेच जण गप्प होते. त्याच्या जरा आधी, डिसेंबर २०१२ मध्ये, तिथल्या नर्सिंगच्या प्रमुखांनी सहा 'सी' जाहीर केले होते: केअर, कम्पॅशन, कॉम्पिटन्स, कम्युनिकेशन, करेज आणि कमिटमेंट. त्यातल्या 'करेज'पाशी मी थांबले. नर्सच्या गुणांत धैर्य? पण स्टॅफर्डचं वाचल्यावर कळलं. चुकीचं दिसलं तर तोंड उघडायचं धैर्य. तेव्हा "प्रसंग सांगा" म्हणणारी ती बाई भाचीची फिरकी घेत नव्हती. ही पोरगी बोलेल की गप्प बसेल, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

मग एका रविवारी मी भाचीला समोर बसवलं. कागद नाही, पेन नाही, नुसता चहा. म्हटलं, बाई, मला एक रात्र सांग.

"कसली रात्र? रोजचीच असते."

बरंच खणल्यावर एक आजोबा निघाले. पोटाचं ऑपरेशन झालेले, गरीब स्वभावाचे, "मी बरा आहे बाळा" म्हणणारे. बीपी ठीक होतं. पण हिला ते ठीक वाटेनात. उगाच चुळबुळ करत होते. नाडी दर वेळी थोडी वाढलेली, आणि लघवीची पिशवी दोन तासांत जेमतेम भरलेली. हिने रेसिडेंट डॉक्टरांना फोन केला. बीपी किती? नॉर्मल? मग बघतो, म्हणाले. अर्ध्या तासाने पुन्हा फोन. पुन्हा बघतो. ते दुसऱ्या वॉर्डात अडकले होते, त्यांचाही दोष नाही. तेव्हा रात्री तीनच्या सुमाराला हिने थेट वरच्या सर्जनना घरी फोन लावला. आत रक्तस्राव होत होता. आजोबांना पुन्हा थिएटरमध्ये नेलं. वाचले.

मी चहा विसरले होते. विचारलं, "फोनवर काय बोललीस?"

ती धडाधडा बोलली. कोण पेशंट, कधी काय ऑपरेशन झालं, नाडी किती होती आणि किती झाली, लघवी किती, मला आत ब्लीडिंगची शंका येतेय, सर तुम्ही यायला हवं. चार-पाच वाक्यं. एक शब्द जास्त नाही.

"अगं, मग हे का नाही सांगितलंस त्या बाईंना?"

"त्यात काय लिहायचं मावशी? ते तर कामच आहे."

आणि सकाळी ओव्हर देताना वहीत काय लिहिलं होतं माहितीये? "डॉक्टरांना कळवले." बस्स, दोन शब्द.

मंडळी, माझं म्हणणं या दोन शब्दांबद्दल आहे. आपल्याकडच्या सिस्टर लोकांना लिहिता येत नाही हे साफ खोटं आहे. तीन वाजता केलेला तो फोन हेच तिचं पर्सनल स्टेटमेंट होतं, आणि माझ्या पानभर इंग्रजीपेक्षा हजारपट चांगलं होतं. अडचण दुसरीच आहे. स्वतःचं काम स्वतःच्या नावाने सांगायचं नाही, असं आपण त्यांना वर्षानुवर्षं शिकवतो. "मी" म्हणणं म्हणजे आगाऊपणा. वहीत कर्ता नसलेली वाक्यं लिहायची: देण्यात आले, करण्यात आले, कळवण्यात आले. आणि चुकीबद्दल तर बोलायलाच नको. तिकडच्या मुलाखतीत "तुमच्या हातून झालेली चूक सांगा" असाही प्रश्न येऊ शकतो. चूक झाली तर रुग्णाला मोकळेपणाने सांगावं, हे तिथे २०१४ पासून संस्थांवर कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या कितीतरी वॉर्डांत चूक कबूल केली की मेमो मिळतो. मग कोण कशाला सांगेल?

त्यात नर्सिंगचं काम असं, की उत्तम झालं तर दिसतच नाही. आठवा अरुणा शानबाग. मुंबईच्या केईएममधली परिचारिका. नोव्हेंबर १९७३ मध्ये हॉस्पिटलातच तिच्यावर हल्ला झाला आणि मे २०१५ मध्ये ती गेली. मधली चाळीसहून अधिक वर्षं केईएमच्या परिचारिकांनी तिला सांभाळलं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या प्रकरणात निकाल दिला, तेव्हा या शुश्रूषेचं मनापासून कौतुक केलं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या पाठीला जखमा नव्हत्या. आता सांगा, 'न झालेली जखम' अर्जात कशी लिहायची? दर थोड्या वेळाने कूस बदलली, अंग कोरडं ठेवलं, चादरीची सुरकुती काढली, हे हजारो वेळा, आणि त्याचं फळ काय, तर काहीही घडलं नाही!

म्हणून तर ते सांगायला हवं. नाहीतर जे दिसत नाही ते झालंच नाही असं धरलं जातं. आणि नाइटिंगेलबाईंचंच बघा. आपण त्यांचा दिवा तेवढा लक्षात ठेवला. क्रिमियातून परतल्यावर त्या सरकारशी भांडल्या त्या आकडे घेऊन. जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त शिपाई मेले, हे त्यांनी १८५८ मध्ये आकृत्या काढून दाखवलं. त्यांनाही "मला सेवेची ओढ आहे" एवढं लिहून भागलं नव्हतं.

कुणी म्हणेल, ही पद्धत अन्यायाची आहे, बोलक्यांचं फावतं आणि मुक्याने काम करणारी मागे पडते. खरं आहे. मलाही ते टोचतं. कागदावर चांगली दिसणारी प्रत्येक नर्स पलंगापाशी चांगली असेलच असं नाही. पण त्यावर उपाय म्हणून माझ्यासारखीने सुंदर खोटं लिहून द्यायचं, हा अन्यायावर अन्याय झाला. आणि आता तर माझीही गरज उरली नाही. कॉम्प्युटरला सांगितलं की अर्ध्या मिनिटात तीच ओढ, तीच करुणा आणि तेच समर्पण छापून मिळतं. परवा गंमत म्हणून करून पाहिलं. माझ्या त्या पानाशी इतकं जुळलं की लाज वाटली.

मदत करायचीच असेल तर लिहून देऊ नका, विचारा. कुठली रात्र? नाडी किती होती? तू काय केलंस? "आम्ही" नको, "तू" सांग. मग काय झालं? आणि ती बोलेल ते तिच्याच शब्दांत उतरवा. व्याकरण नंतर बघता येतं.

दुसऱ्या अर्जात आजोबा होते. पानाच्या सुरुवातीला "नर्सिंगला मी नोकरीसाठी आले, पहिल्या वर्षानंतर त्याच कामासाठी राहिले" असं तिचं वाक्य होतं. मला ते जरा रुक्ष वाटलं होतं, बदलावंसंही वाटलं, पण हात आवरला. या वेळी मी दाराला कान लावला नाही. स्वयंपाकघरात बसून राहिले.

आता ती तिकडेच आहे. परवा फोनवर म्हणाली, इथे नवीन मुलींना फॉर्म भरायला मदत करते. मी विचारलं, लिहून देतेस की काय?

"नाही गं. चहा करते आणि विचारते, एक रात्र सांग."

असो. माझ्याकडे सध्या शेजारच्यांचा पाणीपट्टीचा अर्ज आलाय. तो मात्र मीच लिहिणार आहे.