पाणी कशानं बाटतं?

पाणी तपासणी हे माझं काम. विहिरीवर जायचं, एचटूएसच्या बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि बाटली दोन दिवस उबेला ठेवायची. पाणी काळं पडलं की समजावं, त्यात विष्ठेतले जंतू मिसळल्याची दाट शक्यता आहे.

गेल्या पावसाळ्यात एका गावात विहिरीपासून लांब एक सून रिकामी कळशी घेऊन उभी होती. "कावळा शिवलाय तिला, मीच भरून देते," शेजारीण हळूच म्हणाली. विहिरीच्या कठड्याला बोट जाईल एवढी भेग होती. पलीकडे चार हातांवर उकिरडा, आणि त्याचं पिवळट पाणी पावसासरशी भेगेतून आत. उकिरड्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. त्या विहिरीची बाटली काळी पडली.

मला संताप येतो तो याचाच. जिथं 'अशुद्ध' म्हणायला हवं तिथं आपण 'चालायचंच' म्हणतो, आणि धडधाकट, स्वच्छ बाईला विटाळशी ठरवून लांब उभं करतो.

महाडला हेच झालं, फक्त तिथं विटाळ जातीचा होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांनाही खुले असावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळानं 1923 मध्येच मंजूर केला होता. महाड नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केलं होतं. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकर सत्याग्रहींसह तिथलं पाणी प्यायले आणि तळं बाटल्याची ओरड झाली. मग शुद्धीसाठी शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळलेल्या 108 घागरी मंत्र म्हणत तळ्यात ओतल्या गेल्या. पिण्याच्या पाण्याच्या आजच्या भारतीय मानकानुसार 100 मिलिलिटरमध्ये ई-कोलायचा एक जंतूही चालत नाही. माझ्या कामाच्या हिशेबानं तळं दूषित झालं ते या घागरींनी, बाबासाहेबांच्या ओंजळीनं नव्हे. तळ्यावरचा हक्क मुंबई उच्च न्यायालयानं मान्य करायला मात्र 17 मार्च 1937 उजाडावा लागला.

पावसाळ्याआधी एकदा ग्रामपंचायतीत जा. आपल्या विहिरीच्या पाण्यात क्लोरीन उरतं का हे पाहणारी ओटी टेस्ट शेवटची कधी झाली, गावाला पाण्याच्या जोखमीचं कार्ड लाल मिळालं की हिरवं, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर नियमित पडते का, हे विचारा. कठड्याची भेग बुजवून घ्या, उकिरडा हलवा. आणि घरातल्या लेकीसुनांना त्या चार दिवसांतही आपलं पाणी आपल्या हातानं शेंदू द्या.