१९३० हा आकडा घराघरांत पोहोचवा!

ज्या नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ सालापासून नोटा छापल्या जात आहेत, त्याच नाशकात आज भाजीवालीच्या हातगाडीला क्यूआर कोडचा पुठ्ठा बांधलेला दिसतो. भद्रकालीचा बाजार असो की सातपूर-अंबडच्या कंपन्यांबाहेरची चहाची टपरी, सुट्या पैशांची कटकट संपली आहे. ऑगस्ट २०२५ या एकाच महिन्यात देशभरात यूपीआयवरून दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. आम्ही या सोयीच्या विरोधात मुळीच नाही. रोजंदारीचा पैसा थेट खात्यात पडतो, गावी आईला घरबसल्या पाठवता येतो, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु जेथे पैसा तेथे चोर, आणि हा नवा चोर खिसा कापत नाही की कुलूप तोडत नाही. तो आपल्याच हाताने आपली पेटी उघडायला लावतो!

नोटाबंदीनंतर सात आठवड्यांनी, ३० डिसेंबर २०१६ रोजी, पंतप्रधानांनी 'भीम' नावाचे अॅप देशाला दिले. 'भारत इंटरफेस फॉर मनी' या नावाची आद्याक्षरे जुळवून हे नाव तयार केले आणि ते बाबासाहेबांच्या नावावरून ठेवल्याचे जाहीर सांगितले. ज्या महामानवाने १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ लिहून ब्रिटिशांच्या चलननीतीची चिरफाड केली, त्यांचे नाव पैशाच्या व्यवहाराला द्यावे यात गैर काहीच नाही. पण नाव दिले म्हणजे कर्तव्य संपले असे होत नाही. ज्या घरात बँकेचे पासबुकच पहिल्यांदा आले, त्या घराच्या हातात एकदम मोबाईलमधली बँक आली. पैसे कसे पाठवायचे हे दुकानदारानेही शिकवले. फसवणूक कशी ओळखायची हे शिकवायला मात्र वस्तीत फारसे कोणी आले नाही.

म्हणून ते आपणच शिकले पाहिजे, आणि ते कठीणही नाही. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी टाकावा लागतो. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, कोणत्याही लिंकवर बोट ठेवावे लागत नाही. जुनी शिलाई मशीन विकायची म्हणून जाहिरात दिली, समोरच्याने स्वतःला लष्करातला जवान म्हणवले, 'पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका' असे सांगितले, की समजावे, हा पैसे देणारा नाही, नेणारा आहे. पूर्वी असे लोक 'पैसे मागणारी विनंती' पाठवून ती पैसे आल्याची सूचना असल्याचे भासवत. व्यक्तीने व्यक्तीला अशी विनंती पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. क्यूआर कोडचा सापळा मात्र अजून लावलेलाच आहे.

दुसरे हत्यार घाईचे आणि भीतीचे. 'आज रात्री तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा' असे संदेश २०२२ साली राज्यभर फिरले आणि महावितरणला लोकांना सावध करावे लागले. 'लाडकी बहीण' योजनेची ई-केवायसी २०२५ मध्ये सुरू झाली, तर लगेच तिच्या नावाने बनावट संकेतस्थळे उभी राहिली! दीड हजार रुपयांची वाट पाहणाऱ्या बाईचा आधार क्रमांक आणि ओटीपी लुटायला बसलेल्यांना काय म्हणावे? आता गाडीच्या दंडाची पावती, शेतकऱ्याच्या हप्त्याची यादी, एवढेच काय लग्नाची पत्रिकासुद्धा व्हॉट्सअॅपवर 'एपीके' फाईल होऊन येते. ती फाईल म्हणजे पत्रिका नव्हे, तो एक अॅप असतो. तो फोनमध्ये उतरला की ओटीपीचे संदेश परस्पर चोराकडे जाऊ शकतात. 'मदत करतो' म्हणून एनीडेस्कसारखे अॅप घ्यायला सांगणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच इशारा दिला होता. अशा अॅपमधून आपला पडदा दुसऱ्याला दिसतो. मग आपण पिन तोंडाने सांगितला काय आणि नाही सांगितला काय!

आमच्या टपरीवाल्या, भाजीवाल्या बांधवांना वेगळे सांगायचे आहे. गिऱ्हाईक मोबाईलचा पडदा दाखवते, त्यावर हिरवी खूण असते, नाव असते, रक्कम असते. हुबेहूब तसा पडदा दाखवणारे बनावट अॅप निघाले आहेत. आपल्या फोनवर किंवा आवाजाच्या डब्यावर पैसे आल्याशिवाय माल हातातून सोडू नये. त्यात कोणाचा अपमान होत नाही.

'रोज दोन व्हिडिओ लाईक करा आणि हजार रुपये कमवा', 'शेअरमध्ये महिन्यात दुप्पट' या टेलिग्रामवरच्या गोष्टींवर फार शाई खर्च करण्याची गरज नाही. नाशिकच्या त्रिरश्मी बुद्ध लेण्यांत दहाव्या लेणीच्या भिंतीवर उषवदाताचा शिलालेख आहे, तो एकदा मुलांना दाखवावा. भिक्खूंसाठी त्याने तीन हजार कार्षापण गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून दिले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक, हजारांवर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. कोणाकडे ठेवले, किती ठेवले, दर काय, सगळे दगडात कोरले. एकोणीसशे वर्षांपूर्वी एवढी चोख नोंद होत होती, आणि आज आम्ही चेहरा न पाहिलेल्या माणसाच्या ग्रुपवर बायकोचे मंगळसूत्र गहाण टाकून पैसे पाठवायचे?

आता फसवणूक झालीच, तर? येथेच आमच्या लोकांचा घात होतो. लाज वाटते म्हणून माणूस दोन दिवस कोणाला सांगत नाही. पैसा तर काही मिनिटांत एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जातो आणि कुठल्या तरी एटीएममधून बाहेर पडतो. म्हणून त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर फोन केला पाहिजे. ही सायबर आर्थिक फसवणुकीची देशव्यापी हेल्पलाईन आहे. तेथे तक्रार नोंदली की संबंधित बँकांना कळवून, पैसा जेथे पोहोचला असेल तेथे रोखण्याचा प्रयत्न होतो. बारा अंकी व्यवहार क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवावी. कोणताही संदेश पुसू नये. त्याच वेळी बँकेलाही कळवावे आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा.

नाशिककरांना हा आकडा पाठ करून घेण्याची गरजच काय? २ मार्च १९३० रोजी याच शहरात काळाराम मंदिराच्या दारासमोर बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे वर्षानुवर्षे लढवला. सरकारने हेल्पलाईनला हा क्रमांक त्या लढ्याच्या स्मरणार्थ दिलेला नाही, तो निव्वळ योगायोग. पण आमच्या म्हाताऱ्या आजीलाही जो सनावळीचा आकडा ठाऊक आहे, तो संकटात आठवायला कोणाची हरकत आहे?

बँकेत गेल्यावर 'पिन तुम्हीच टाकला' असे सांगून हात झटकले जातात. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने याबाबत रेषा आखली. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर भार नाही. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तरीही ग्राहकावर भार नाही. ग्राहकाने स्वतः पिन वा ओटीपी दिला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. पोलीस ठाण्यात 'आमची हद्द नाही' हे उत्तरही ऐकून घेऊ नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोठेही घडला असला तरी खबर नोंदवावी लागते. दोन हजार रुपये ही साहेबांच्या दृष्टीने किरकोळ रक्कम असेल. धुणीभांडी करणाऱ्या बाईचा तो अर्धा महिना असतो.

आम्हांला सर्वांत जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. चोरीचा हा पैसा फिरवायला खाती लागतात, आणि ती खाती चोर स्वतःच्या नावाने काढत नाही. तो वस्तीतला बेकार पोरगा शोधतो. 'खाते काढून दे, एटीएम कार्ड आणि सिम आमच्याकडे ठेव, पाच-दहा हजार घे' असे म्हणतो. इंग्रजीत अशा खात्याला 'म्यूल' म्हणतात, म्हणजे खेचर. दुसऱ्याचे ओझे वाहायचे आणि चाबूकही आपणच खायचा! रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने अशी खाती हुडकण्यासाठी 'म्यूलहंटर' नावाची यंत्रणा बनवली, ती डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाली. मग दारात येतात ते पोलीस, कधी थेट परराज्यातले. दलाल केव्हाच पसार झालेला असतो. खाते गोठते, त्यात शिष्यवृत्तीचा पैसा असेल तर तोही अडकतो. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणाऱ्या पोराच्या नावावर फसवणुकीचा गुन्हा लागला, तर चारित्र्य पडताळणीत त्याचे काय होणार? मला ठाऊक नव्हते, हे तपासात सिद्ध होईपर्यंत वर्षे जातात. ज्याने असे खाते दिले असेल, त्याने आजच बँकेला लेखी कळवून ते बंद करून घ्यावे आणि वकिलाचा सल्ला घ्यावा. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत, हे दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी'वर पाहता येते.

हे काम विहारांतून होऊ शकते. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास, कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने उभे राहून आजी-आजोबांच्या हातातला फोन घ्यावा आणि नको ते अॅप काढून टाकावेत. भाषणाची गरज नाही. आणि जयंतीच्या वर्गणीसाठी फलकावर क्यूआर कोड लावणाऱ्या मंडळांनी त्याखाली खातेदाराचे नाव ठळक अक्षरांत छापावे, रोज संध्याकाळी त्यावर दुसऱ्याच कोडचे स्टिकर चिकटवलेले नाही ना हे नखाने खरवडून पाहावे, आणि देणगीदाराने पिन टाकण्यापूर्वी पडद्यावरचे नाव फलकावरच्या नावाशी ताडून पाहावे.