शिनोलीपर्यंत पोचणारा आवाज

महात्माजींच्या जयंतीदिनी, २ ऑक्टोबर १९५३ रोजी, पुण्याचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. मुंबईचे केंद्र १९२७ पासून बोलत होते. परंतु घाटावरच्या माणसाला त्याच्याच बोलीत, त्याच्याच पिकापाण्याविषयी सांगणारा आवाज पुण्याहून प्रथम उमटला. या केंद्राचे नाव निघताच पुणेकरांस ‘गीतरामायण’ आठवते, आणि ते योग्यच आहे. १९५५ च्या एप्रिलपासून वर्षभर माडगूळकरांची ५६ गीते फडक्यांच्या स्वररचनेतून घरोघरी पोचली. परंतु या केंद्राची दुसरी कामगिरी शहरवासीयांच्या विस्मरणात गेली आहे. तिचे स्मरण देणे आज आम्हांस अगत्याचे वाटते.

१९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, युनेस्कोच्या साह्याने, पुणे केंद्राने महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. सुमारे १५० गावांत मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, असे एकूण २० कार्यक्रम झाले. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकावे, ऐकलेल्यावर चर्चा करावी, पटेल ते करून पाहावे आणि शंका केंद्राकडे लिहून पाठवाव्यात, अशी ही योजना होती. टाटा समाजविज्ञान संस्थेने तिची पाहणी केली, तेव्हा मंडळे नसलेल्या गावांच्या मानाने मंडळांच्या गावांत ज्ञानाची भर स्पष्टपणे अधिक पडल्याचे आढळले. पुढे १९५९ मध्ये हीच योजना देशभर नेण्यात आली. खेड्याला केवळ श्रोता न मानता त्यालाही बोलते करण्याचे हे कार्य ज्या लहरींवर झाले, त्या मध्यम लहरी होत्या.

आज त्या लहरींचे भवितव्य अनिश्चित आहे. देशभरात मध्यम लहरींची जुनी प्रक्षेपण यंत्रे टप्प्याटप्प्याने बंद होत असून एफ.एम.वर भर दिला जात आहे. या धोरणामागील कारणे आम्ही नाकारीत नाही. ही यंत्रे वीज फार खातात, त्यांचे सुटे भाग मिळणे कठीण झाले आहे आणि नव्या पिढीच्या हातातील फोनवर या लहरी लागत नाहीत. एफ.एम.चा आवाजही निःसंशय अधिक स्वच्छ. परंतु तो आवाज जवळजवळ सरळ रेषेत जातो आणि डोंगर आडवा आला की अडतो. मध्यम लहर मात्र जमिनीला धरून, डोंगराला वळसा घालून, दूरवर पोचते. पुण्याच्या पेठेत हा भेद कोणास जाणवणार नाही. आंबेगाव तालुक्यातील शिनोली पुण्यापासून सरळ रेषेत सुमारे ६० किलोमीटर. तेथून पश्चिमेस डिंभ्याकडे आणि भीमाशंकरच्या डोंगरांत जो जो शिरावे, तो तो हा भेद महत्त्वाचा ठरतो.

याच तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गडप झाले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. त्या घटनेची वार्ता बाहेर पोचली ती एस.टी.च्या चालकामुळे, नेहमीच्या वाटेवर आला असता त्याला गावच दिसेना! नभोवाणीने तो डोंगर थोपविला असता असे म्हणण्याचा भाबडेपणा आम्ही करणार नाही. परंतु अतिवृष्टीत वीज जाते, मनोरे मुके होतात, आणि तेव्हाही दोन सेलांवर चालणारा संच बोलत राहतो. धोक्याचा इशारा ज्या वेळी सर्वांत अधिक हवा, त्याच वेळी इतर साधने दगा देतात, हे सह्याद्रीच्या कुशीतील खेड्यांस सांगावे लागत नाही.

२०२३ च्या जूनमध्ये पुणे केंद्राचा वृत्तविभाग हलविण्याचा आदेश निघाला, तेव्हा पुणेकरांनी आवाज उठविला आणि आदेशास स्थगिती मिळाली. ही जागरूकता प्रशंसनीय होय. तथापि वृत्तविभागासाठी जे आपण केले, ते लहरींसाठी कोण करणार? शिनोलीचा शेतकरी मोर्चा घेऊन पुण्यास येणार नाही. त्याच्या वतीने बोलणे हे शहराचे कर्तव्य आहे.

आमची मागणी माफक आहे. पुण्याची मध्यम लहर बंद करण्याचा विचार कधी झालाच, तर त्यापूर्वी जुन्नर-आंबेगावच्या खोऱ्यांत अधिकाऱ्यांनी स्वतः संच घेऊन हिंडावे आणि एफ.एम. कोठे ऐकू येते व कोठे येत नाही याची नोंद गाववार प्रसिद्ध करावी. जेथे पर्याय पोचत नाही, तेथे तो पोचेपर्यंत जुनी लहर चालू ठेवावी. तिचा खर्च निव्वळ श्रोत्यांच्या संख्येने मोजू नये. आग विझविणाऱ्या बंबाची किंमत तो वर्षातून किती दिवस धावला यावरून कोणी ठरवीत नाही. सत्तर वर्षांपूर्वी या केंद्राने खेड्याला प्रश्न विचारण्यास शिकविले. आज खेड्याच्या वतीने एक प्रश्न आम्ही केंद्रास विचारीत आहोत, आणि त्याचे उत्तर शिनोलीत ऐकू जाईल असे असावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.